खरड छाटणीचा उन्हाळा

३ एप्रिल, गुरुवार

पाणी : ठिबक दोन तास. फवारणी : नाही.

एवढं लिहून वही मिटायची, ही माझी सात वर्षांची रीत. बागेची वही आहे ही. हिच्यात पाणी, खत, औषध, छाटणी, तोड एवढंच. माणसांचं काही लिहायचं नाही. पण आज तळपायाची आग मस्तकात गेली आहे अन् घरात ऐकून घ्यायला एक माणूस नाही. म्हणून उजव्या पानावर लिहून राहिले. माझ्याशिवाय ही वही कोणी उघडत नाही, तेवढं एक बरं आहे.

माझा धाकटा दीर दत्तप्रसाद आठ वर्षं पुण्याला हॉटेलात होता. दिवाळीला आला तो डोक्यात पर्यटन घेऊनच. धरणाच्या काठाला आपली दोन एकर द्राक्षबाग, समोर एवढं मोठं तळं, मग पावणे काहून येणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. यावं त्यांनी, माझं काही जात नाही. आमची द्राक्षं वाईनची. मार्चात तोड होते, माल लांबच्या वायनरीला जातो, काही बाटल्या आमच्या नावाची चिठ्ठी लावून परत येतात. गावात हिला 'दारूची बाग' म्हणतात. म्हणोत. पण यंदा तोडीच्या वेळी भावजींनी अर्ध्या बागेतले घड वेलावरच ठेवायला लावले. "थोडे राहू द्या वैनी, पावण्यांसाठी." मला वाटलं, आठ दिवसांचा प्रश्न आहे.

आज गेटवर फ्लेक्स लागला. 'या उन्हाळ्यात तळ्याकाठी या!' वेलावरचे घड स्वतः तोडा. पायानं द्राक्षं तुडवा. नावेतून फिरा. वाईन चाखा. मेंढपाळ आजीच्या गोष्टी ऐका. हुरडा पार्टी.

म्हणलं, "भावजी, उन्हाळ्यात हुरडा? ज्वारीनं काय तुमच्यासाठी वेगळं पंचांग काढलं?"

"वैनी, शहरातल्या लोकांला काय कळतं?"

हुरडा खोडता येईल. पण खाली तारीख आहे, १५ मेपर्यंत. म्हणजे १५ मेपर्यंत बाग हिरवी पाहिजे, घड लटकलेले पाहिजेत. म्हणजे तोवर खरड छाटणी नाही!

एप्रिलात वेल पार खरडून काढायचा असतो. मग नवी काडी फुटते, तिला उन्हाचे चाळीस-पन्नास दिवस मिळाले की पुढल्या सालचा घड तिच्या पोटात बसतो. डोळ्याला दिसतो दिवाळीच्या आसपास, पण ठरतो उन्हाळ्यातच. मेच्या मध्याला छाटली तर काडी हाताएवढी होते न होते तोच ढग येतात. काडी वांझ निघते. एक साल गेलं की वेल दुसऱ्या सालीही रडतो. हे भावजींना दहादा सांगितलं. आमच्या ह्यांना, म्हणजे प्रभूला, (वहीत नाव लिहायला कोणाची चोरी आहे?) वीसदा सांगितलं. हे म्हणाले, "बघू." या माणसानं सोळा वर्षांत दुसरा शब्द शिकला असता तर मी पेढे वाटले असते.

जमीन आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या नावावर. त्यांनी एक शब्द बोलायला पाहिजे होता. तर त्या म्हणतात, "पोरगं म्हणतंय तर होऊ द्या की."

६ एप्रिल, रविवार

पाणी : तीन तास. फवारणी : नाही.

पहिली टोळी आली. नांदेडच्या दोन गाड्या. बायका, पोरं, काळे चष्मे. घड तोडले, एकमेकांच्या तोंडात घातले, फोटो काढले. तोडायची पद्धत अशी की घडाबरोबर काडी मोडून हातात. मी मागं मागं फिरत होते. एकीनं मला विचारलं, "ताई, तुम्ही इथं कामाला का?" म्हणलं, "व्हय, सात वर्षांपासून."

मग मोठ्या टपात द्राक्षं ओतली अन् सगळे पाय धुऊन उभे राहिले. मोबाइलवर गाणं. नाचून राहिले द्राक्षांवर! आमच्या घरात भाकरीच्या तुकड्याला पाय लागला तर उचलून कपाळाला लावतात. म्हणलं आता आत्याबाई भडकणार. त्यांची जीभ काय आहे ते अख्ख्या गावाला माहीत आहे.

तर म्हातारी खाटेवरून म्हणते कशी, "नाचा गं लेकरांनो. खळ्यावर बैल तुडवत व्हते तवा कुठं पाप लागलं?" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मग त्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. जुन्या काळी कळपामागं फिरायच्या, ते सगळं. हिरवं कोरं लुगडं नेसून बसल्या होत्या. सकाळपासून तीनदा केस विंचरले. सत्तरीच्या पुढं असं नटायचं म्हणजे कमाल आहे. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, मला कशाला ऐकू येतंय त्यातलं काही.

९ एप्रिल, बुधवार

पाणी : तीन तास. फवारणी : नाही.

भावजी म्हणाले, "वैनी, घडांवर पांढरी भुरी दिसून राहिली. औषध मारा." म्हणलं, "औषध संपलं."

औषध खोलीत आहे. दोन पुडे. उगाच खोटं बोलले. उन्हात पंप पाठीवर घ्यायचा कंटाळा, दुसरं काय.

१३ एप्रिल, रविवार

पाणी : तीन तास. फवारणी : नाही.

तळं रोज हातभर मागं सरतं. काठाला चिखल झालाय गुडघ्याएवढा. भावजींनी नाव आणून ठेवली, पण नाव पाण्यापर्यंत नेणार कोण? परभणीचे सहा-सात पावणे पँटी वर करून नाव ओढत होते अन् भावजी काठावरून "डावीकडून, डावीकडून!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. एकाची चप्पल चिखलात गेली ती गेलीच. आमचे हे ती काढायला खांद्याएवढा हात घालून बसले होते. घरातल्या माणसासाठी एवढं केलं असतं तर.

दुपारी पुन्हा आत्याबाईंचा दरबार. आज बसायला सतरंजी, प्यायला माठातलं पाणी, मध्ये आत्याबाई. एक शिक्षिका तर वहीत उतरून घेत होती. आत्याबाईंनी तिला विचारलं, "माझं नाव बी लिव्हलं का त्याच्यात? पंचफुलाबाई लिव्ह." अन् किती हसल्या! मी या घरात आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नाही. मला तर कधी एक गोड शब्द नाही.

संध्याकाळी गाड्या गेल्यावर त्या बागेत आल्या. हात मागं बांधून ओळीओळीनं फिरल्या. एका काडीला नखानं खरवडून बघितलं अन् मला विचारतात, "खरड कदी?"

"तुमच्या लेकाला विचारा," म्हणलं. फटकन बोलले. बोलणारच. सगळं माहीत असून वरून मलाच विचारायचं. जखमेवर मीठ चोळायची हौस. हात मागं बांधूनच परत गेल्या.

१७ एप्रिल, गुरुवार

पाणी : चार तास. फवारणी : नाही.

आज भांडण. मोठं.

दरसाल अक्षय तृतीयेच्या आधीच्या रविवारी मुंजाजी आमच्या बागेत मेंढरं बसवतो. आत्याबाईंच्या माहेरच्या नात्यातला आहे तो, दोनशे मेंढरं अन् वीस-पंचवीस शेळ्या घेऊन हिंडतो. छाटणी आदल्या दोन-तीन दिवसांत उरकलेली असते. खाली पडलेला पाला कळप खातो, तीन मुक्काम करतो, लेंडीखत बागेला मिळतं. पाडव्याला नारळ अन् सुपारी दिली की शब्द पक्का, मग तो कुठंही असला तरी त्या दिवशी दारात हजर. यंदाही पाडव्याला मीच नारळ दिला.

भावजींना आज हे आठवलं. म्हणाले, "वैनी, सत्तावीसला चाळीस जणांची टोळी येऊन राहिली. मुंजाजीला फोन करून सांगा, यंदा येऊ नको."

मी म्हणलं, "अन् मी सांगते, सत्तावीसच्या आत छाटणी झाली पाहिजे. ही बाग मी लावली. टँकरच्या पाण्यानं जगवली. तुमी तवा कुठं होते?"

"दारात उभा होतो, वैनी," भावजी म्हणाले. "आठ वर्षं हॉटेलच्या दारात उभं राहून दुसऱ्याला दार उघडून दिलं. सलाम ठोकला. यंदा जमलं न्हाई तर परत तेच. मला नाही जायचं परत."

पण म्हणून काय मी वेल मारायचे? प्रत्येकाला आपापलं दुखणं असतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे ताटातल्या भाताचे ढीग करून राहिले. आत्याबाईंकडे बघितलं तर त्या म्हणाल्या, "दोघंबी खरं बोलून राहिले," अन् हात धुवायला उठल्या. हा काय न्याय झाला? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसे हे पावणे आले अन् आमच्या घरातला माणूसच हरवला.

शेवटी म्हणलं, "करते फोन."

१९ एप्रिल, शनिवार

पाणी : चार तास. फवारणी : नाही.

फोन करायचा राहिला. भाकऱ्या, धुणं, उद्याची तयारी. उद्या करते.

२२ एप्रिल, मंगळवार

पाणी : चार तास. फवारणी : नाही.

ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड येईल. अर्धे घड सुकून मनुका झाले. भावजींनी ओळींना सावलीसाठी हिरवी जाळी बांधली. एकटेच शिडीवर चढून तारा ओढत होते, अंगठा कापला तरी थांबले नाहीत. पाणी नेऊन दिलं.

त्यांनीच विचारलं, "मुंजाजीला सांगितलं ना?"

"व्हय."

सांगणारच आहे. आज तो कुठं आहे ते माहीत नाही, त्या बाजूला फोन लागत नाही म्हणतात. लावून नाही बघितला, पण लागत नाहीच.

२६ एप्रिल, शनिवार

पाणी : बंद. फवारणी : नाही.

विसरले मी. दिवसभर काम. खरंच विसरले.

कात्र्यांना मात्र धार लावून ठेवली. गंजून जातात नाहीतर.

२७ एप्रिल, रविवार

पाणी नाही. काहीच नाही. तरी लिहिते.

दिवस उजाडताना घंटा ऐकू आल्या. बाहेर आले तर गेटासमोर सगळी वाट पांढरीकाळी, धुळीनं भरलेली. पुढं मुंजाजी, खांद्यावर घोंगडी. भावजी बनियनवरच धावत आले. "अरे, तुला येऊ नको म्हणलं होतं ना?"

मुंजाजी म्हणाला, "मला कोण म्हणलं? मला तर..." अन् थांबला. ओट्यावरच्या आत्याबाईंकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं.

भावजी माझ्याकडे वळले. "वैनी?"

"विसरले," मी म्हणलं.

त्यांनी एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग मुंजाजीला हात जोडले, "दादा, आजचा दिवस कळप पलीकडच्या माळावर ने. चाळीस माणसं येऊन राहिलीत." मुंजाजी ऐकणाराच होता. शिटी घालायला बोटं तोंडात घातलीसुद्धा.

तेवढ्यात आत्याबाई तांब्या घेऊन आल्या. हातात कुंकवाची डबी. "शब्द देऊन बलावलेला कळप दारातून परत न्हाई जात," म्हणाल्या. "लक्ष्मी हाय ती." पुढच्या मेंढीच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, अन् स्वतःच्या हातानं गेट उघडलं. भावजी "आई, आई" करत राहिले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

दोनशे मेंढरं बागेत शिरल्यावर काय होतं ते लिहायला नको. खालचा पाला गेला, लोंबते घड गेले. वरचं शेळ्यांनी मागच्या पायावर उभं राहून संपवलं. भावजींची हिरवी जाळी एका बोकडाच्या शिंगात. मुंजाजी काठी घेऊन खोडाची साल तेवढी राखत होता.

आठ वाजता गाड्या आल्या. लेकरं खुश, "मेंढ्या! मेंढ्या!" मोठी माणसं मात्र भावजींना घेरून उभी राहिली. फ्लेक्सवरची एक एक ओळ वाचून विचारत होती, हे कुठं आहे, ते कुठं आहे? एक जण म्हणाला, "खेड्यातल्या लोकांवर भरवसा ठेवला, आमचंच चुकलं." भावजी मान खाली घालून "सॉरी सर, सॉरी मॅडम" म्हणत होते, अन् प्रत्येक गाडीचं दार स्वतः उघडून माणसं बसवत होते. माझा नुसता संताप झाला. कोणावर ते मला सांगता येणार नाही. मी गोठ्यामागं जाऊन रिकामी बादली लाथाडली. पाय सुजलाय.

२८ एप्रिल, सोमवार

खरड छाटणी सुरू. सहा ओळी.

सकाळी बागेत गेले तर हे माझ्या आधीच तिथं. कात्री घेऊन पहिल्या वेलापाशी. मी म्हणलं, "आता आला का जोर?" हे छाटत राहिले. आधी कधीच छाटायला हवं होतं, हे त्यांनाही कळतंय, पण तोंडानं कबूल करणार नाहीत.

दहाच्या एसटीनं भावजी पुण्याला गेले. बॅग भरलेली. मला म्हणाले, "वैनी, पावण्यांसाठी आणलेला कूलर चालतो, फक्त पाणी भरत जा." एवढंच. मी वाट बघत होते भांडतील म्हणून, काय काय उत्तरं तयार ठेवली होती मी! सगळी तशीच राहिली.

आत्याबाई फाट्यापर्यंत पोहोचवायला गेल्या. दोन तासांनी आल्या, पायीच.

मी जिंकले. असं लिहिलं तर लिहिता येतं. छाटणी वेळेत सुरू झाली, ऊन भरपूर आहे, घड बसणार. मग घास काहून उतरत नाही?

१ मे, गुरुवार

छाटणी : पाच ओळी. बुंध्याला पाणी सोडलं. मुंजाजीचा मुक्काम काल संपला. सुरुवातीच्या ओळीत काडीवरचे डोळे फुगून राहिले.

आज ह्यांनी जेवताना स्वतःहून विचारलं, "दत्ताला फोन करू का?" म्हणलं, "करा की, मला काय विचारता?" केला नाही. बसले तसेच.

४ मे, रविवार

आज उशिरा बागेत गेले, कारण आत्याबाई.

सकाळीच आंघोळ करून ते हिरवं लुगडं नेसल्या. खाट स्वतः ओढत गेटाजवळच्या लिंबाखाली नेली. म्हणलं, "आत्याबाई, आज कोणी येणार नाही. फ्लेक्स काढला." "बसते जरा," म्हणाल्या. रस्त्यावर धूळ उठली की मान वर व्हायची. एकदा दूधवाल्याची मोटरसायकल. एकदा कोणाचा ट्रॅक्टर. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. माझा जीव आतल्या आत तडफडायला लागला. शेवटी गेलेच त्यांच्यापाशी, अन् बोलायला गेले एक अन् निघालं दुसरंच.

"ऊन लागंल, आत या!" हे म्हणायचं होतं. म्हणाले, "मी मुंजाजीला फोन केलाच नव्हता. विसरले बिसरले नाही. केला नाही."

"ठावं हाय मला," आत्याबाई म्हणाल्या.

"कसं काय?"

"शनवारी त्याचाच फोन आलता. वाटंत कुणी सांगितलं त्याला, बागंला अजून घड हायेत, पावणे येऊन राहिले. इचारलं, आत्या, येऊ का तसाच फुडं जाऊ? म्या म्हणलं, ये. दिवस उगवायला ये."

मग असा राग आला, असा आला! "तुमी बोलावला? सगळं ठाऊक असून? मी आठ दिवस मनात जळून राहिले, भावजींच्या तोंडाकडे बघवलं नाही मला, अन् तुमी..."

"दत्ता तुला बोलला व्हय काही?"

"नाही."

"जाताना फाट्यावर सांगितलं म्या त्याला. कळप म्या बलावला म्हणलं. वैनीवर राग धरू नको." पदरानं तोंड पुसलं. "एस्टीत चढस्तोवर माझ्याशी बोलला न्हाई."

मी विचारलं, "अन् तुमचे पावणे? एवढ्या खुश होत्या. मग काहून केलं असं?"

"वेल वांझ झाला तर पोरगं परत कुठं येईल?" त्या म्हणाल्या. "बाग असली तर पावणे बी येतील, दत्ता बी येईल. यंदा न्हाई तर फुडल्या साली. तुझंच खरं व्हतं."

"मग मला तसं आधी काहून नाही सांगितलं? खरड कधी म्हणून विचारत होत्या, सरळ सांगायचं ना, रागिणी, मी तुझ्या बाजूनं हाय!"

"तू ऐकून घेती व्हय कुणाचं? निस्ती भांडत व्हती."

त्या पुन्हा रस्त्याकडे बघायला लागल्या. केस नीट विंचरलेले, कपाळावर घाम, हिरव्या लुगड्याची घडी अजून मोडलेली नव्हती.

मी कात्री खाली ठेवली अन् खाटेसमोर मातीत मांडी घालून बसले.

"काय गं?"

"सांगा," म्हणलं.

"काय सांगू?"

"लोकांला सांगत होत्या ते. गोष्टी."

"तुला काय करायच्या? घरचीच तू. तुला समद्या ठाव्या हायेत."

"न्हाई," म्हणलं. "सोळा वर्षं झाली. मला त्यातली एकबी ठाऊक न्हाई."

छाटणी : तीन ओळी राहिल्या.